माझ्या बाथरूममधली गव्हाची बिअर

माझ्या वडिलांना बिअर चढत नाही, झोप येते. अर्धा ग्लास पोटात गेला की ते बसल्या जागी मान टाकतात आणि आई त्यांच्या हातातला ग्लास काढून घेते. हे आधीच सांगते, कारण गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात जे झालं ते पिण्याच्या हौसेपायी झालं असं कुणाला वाटू नये. ते करण्याच्या हौसेपायी झालं. तेही कुवेतमध्ये, जिथे बिअर करणं, आणणं, पिणं, सगळंच गुन्हा आहे आणि आमच्यासारख्यांना त्याची शिक्षा म्हणजे परत न येण्याचं विमानाचं तिकीट.

बाबा मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत प्रोसेस इंजिनिअर आहेत. आम्ही मंगफला राहतो. मी शाळा इथेच शिकले, कॉलेजपुरती पुण्याला गेले आणि परत आले. आदल्या हिवाळ्यात आम्ही सुट्टीवर पुण्यात असताना चुलतभावाने बाबांना एका ठिकाणी नेलं. तिथे बिअर जागेवरच तयार करतात आणि गिऱ्हाइकांना काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या दिसतात. मीही गेले होते. बाबांनी बिअर दोन घोट घेऊन टाकली आणि टाक्या मात्र पूर्ण पाहिल्या. वेटरला बोलावून तापमान विचारलं. त्याला ते माहीत नव्हतं, याचं त्यांना वाईट वाटलं.

परत आल्यावर ऊन तापायला लागलं तसं बाबा म्हणाले, "उन्हाळ्यासाठी काहीतरी हलकं करू या. ताजंतवानं वाटेल असं."

आईला वाटलं, पन्हं.

माझं म्हणणं असं होतं की या उन्हाळ्यात आमच्या घरात कुणी काहीच करू नये. शिंकूसुद्धा नये. कारण मला दस्मानच्या एका ऑडिट फर्ममध्ये नोकरी लागली होती आणि माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, बाबांच्या नावावरून निघून कंपनीच्या नावावर जायचा होता. कागद दिले होते, बोटांचे ठसे झाले होते, आता शिक्क्याची वाट बघायची. तो येईपर्यंत मी कागदोपत्री बाबांच्या खिशात होते. बाबांना परत पाठवलं तर मलाही त्यांच्याबरोबर जावं लागलं असतं. हे सगळं बाबांना माहीत होतं. ठसे द्यायला त्यांनीच तर मला नेलं होतं.

पण मी बोलले नाही. मी मराठी नीट बोलते, भांडता मात्र मला इंग्रजीतच येतं, आणि इंग्रजीत भांडले की बाबांना ते प्रेझेंटेशन वाटतं. "व्हेरी गुड पॉइंट," म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात.

मग शुक्रवारच्या बैठका सुरू झाल्या. बैठकीला तिघं. बाबा, बँकेत असलेले पुण्याचे काका आणि रिफायनरीत मेंटेनन्सला असलेले लातूरचे काका. नात्याने या दोघांपैकी कुणीही माझा काका नाही, पण मंगफमध्ये मराठी बोलणारा प्रत्येक पुरुष काकाच असतो. विषय एकच. कुठली बिअर करायची?

मला वाटलं होतं, बिअर म्हणजे बिअर. तसं नव्हतं. पुण्याच्या काकांना गव्हाचीच हवी होती, संत्र्याची साल आणि धने घातलेली. त्यांच्या जावयाने परदेशात प्यायली होती आणि फोनवर वर्णन केलं होतं. बाबा तांदळाकडे झुकलेले. तांदळाने अंगाला हलकी होते म्हणे. लातूरच्या काकांचा ज्वारीचा आग्रह.

"ज्वारीची भाकरी करा," पुण्याचे काका म्हणाले. "बिअर ज्वारीची? उद्या पिठल्याची काढाल."

"तुमच्या त्या धन्या-संत्र्याला बिअर म्हणायचं का फोडणी?"

"अहो, हा स्टाइलचा प्रश्न आहे."

"आमच्याकडं उन्हाळ्यात ज्वारीची आंबील पितात. पिऊन बघा एकदा, स्टाइल कळंल."

मग हॉप्सचा प्रश्न निघाला. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, आणि ती कुवेतमध्ये मिळत नाहीत. कडूपणा आणायचा कुठून? लातूरचे काका म्हणाले, कडुनिंब. पुण्याचे काका म्हणाले, मेथीदाणा, थोडासाच. बाबांनी दोन्ही कागदावर उतरवून घेतलं. मी चहा देत होते. माझ्या मनात आलं की हे तिघं कॉलेजात शिकलेले आहेत, यांच्या हाताखाली माणसं आहेत आणि यांच्या सहीवर मोठमोठी यंत्रं सुरू होतात.

हे सगळं मोठ्या आवाजात चालायचं. तीन मराठी माणसं हळू बोलू शकत नाहीत, पंखा बंद असला तरी नाही. आमच्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत. खालच्या मजल्यावरच्या मुलाचं पाढे म्हणणं मला माझ्या खोलीत ऐकू येतं, मग "बिअर" हा शब्द त्यांना ऐकू जात नसेल का? तो शब्द तर कुठल्याच भाषेत बदलत नाही. मी खिडक्या लावून घ्यायचे. बाबा म्हणायचे, "धूळ येतेय का?" मी हो म्हणायचे.

धान्याला मोड कसे आणायचे यावर एक अख्खी दुपार गेली तेव्हा आईने स्वयंपाकघरातून तोंड उघडलं. "भिजवा, फडक्यात बांधा, मोड आले की वाळवा आणि दळा. ही लहान होती तेव्हा नाचणीच्या सत्त्वासाठी दर महिन्याला करत होते मी. कुणी मीटिंग नव्हती घेतली."

"वहिनी, ते वेगळं," पुण्याचे काका म्हणाले.

"हो ना. ते पोरीच्या पोटात जायचं."

तरीही माझी आशा या बैठकांवरच होती. हे कधीच ठरवू शकणार नाहीत, असं मला वाटत होतं. आमच्या मंडळाला गणपतीची आरास ठरवायला पाच बैठका लागतात. हे बिअर ठरवेपर्यंत माझा शिक्का होईल, उन्हाळा संपेल, कदाचित तेलही संपेल.

पण एका शुक्रवारी बाबांनी तक्ता करून आणला. हलकेपणा, ताजेपणा, साहित्याची उपलब्धता, प्रत्येकाला गुण. गहू जिंकला. लातूरच्या काकांनी तक्ता पाहिला आणि ते म्हणाले, "गुण देणारे तुम्हीच, मग काय." एवढं बोलून ते गप्प झाले. आमच्यात याला एकमत म्हणतात.

पिंप ठेवायला जागा हवी होती, थंड आणि अंधारी. इथल्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं तापतं की आम्ही गीझर बंद ठेवतो. गीझरमधलं पाणी घरातल्या एसीने जरा निवतं, म्हणून थंड पाण्यासाठी आम्ही गरमचा नळ सोडतो. घरातली सगळ्यात गार जागा म्हणजे माझं बाथरूम. तिथे एसीची हवा थेट पडते. बाबांनी तीन ठिकाणी थर्मामीटर टांगून हे सिद्ध केलं, आणि अंघोळीला मला टॉवेल घेऊन त्यांच्या बाथरूममध्ये जावं लागलं. माझ्या बाथरूममध्ये उरलं फक्त कपडे धुणं.

पिंप म्हणजे पाण्याच्या कूलरवरची ती निळसर मोठी बाटली. त्यात बाबांनी शिजवून, गाळून, निववून गढूळ पिवळं पाणी भरलं. तोंडाला बूच, बुचातून नळी आणि नळीचं टोक पाण्याच्या ग्लासात. दुसऱ्या दिवसापासून ते बोलायला लागलं. डुब. थांबून पुन्हा डुब. माझी खोली लागूनच आहे. मी इकाम्याचं स्टेटस बघायला फोन उघडायचे आणि भिंतीपलीकडून डुब.

मग मी लेबल पाहिलं.

रिफायनरीत कुठलंही भांडं लेबल नसताना ठेवता येत नाही. पाण्याचं असलं तरीही नाही. आत काय आहे, कधी भरलं, जबाबदार कोण, सगळं लिहायचं. हा चांगलाच नियम आहे आणि बाबांनी तो इतकी वर्षं पाळला आहे की घरातल्या हळदीच्या डब्यावरही तारीख असते. तर पिंपावर छापील, वर प्लास्टिकचं आवरण असलेलं लेबल होतं. वस्तू: बिअर, गव्हाची, हलकी. बॅच एक. जबाबदार व्यक्ती: बाबांचं पूर्ण नाव, खाली मोबाइल नंबर. धोका: नाही.

मी ते दोनदा वाचलं. कुवेतमध्ये बिअर करणारे इतरही असतील. पण जबाबदार व्यक्तीचा मोबाइल नंबर बाटलीवर चिकटवणारे या देशात बहुधा माझे वडील एकटेच.

"बाबा, ते लेबल काढा ना," मी रात्री जेवताना म्हणाले.

"अनलेबल्ड कंटेनर? घरात?" ते खरंच दचकले. "उद्या कुणी चुकून पाणी समजून प्यायलं म्हणजे?"

आई म्हणाली, "बाथरूममधलं?"

त्याच आठवड्यात एका सकाळी बेल वाजली. बाबा कामावर गेले होते. दारात इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, आणि त्याच्यामागे पिशवी घेतलेला प्लंबर. हारिस इजिप्तचा आहे, थोडी हिंदी बोलतो. "मदाम, तुम्हारा हम्माम, नीचे मय्या," म्हणत त्याने बोटांनी थेंब पाडून दाखवले. आमच्या बाथरूममधून खालच्या घरात पाणी गळत होतं. कुठल्या बाथरूममधून, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने थेट माझ्या खोलीच्या दिशेने हात केला.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे. ती चेहरा अजिबात न हलवता म्हणाली, "बेटी नहाने जा रही है."

मी गेले. आत जाऊन कडी लावली, शॉवर सुरू केला आणि पिंपासमोर उभी राहिले.

मी लाजाळू आहे, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पाहुणे आले की मी खोलीत जाते, फोनवर बोलायचं असलं की आधी वाक्य मनात तयार करते. या स्वभावाचा आयुष्यात कधी उपयोग झाला नव्हता, पण त्या दिवशी कळलं की अंघोळीला गेलेल्या मुलीच्या दारावर थाप मारायची कुठल्याही हारिसची हिंमत नसते. वेळ माझ्या बाजूने होता. बाकी काहीच नव्हतं.

पिंप उचलवेना. तिरपं करून मोरीत ओतायला वाकले आणि तेवढ्यात लक्षात आलं की गळती त्या मोरीचीच आहे. इथे ओतलं तर खालच्या पाढे म्हणणाऱ्या मुलाच्या डोक्यावर गव्हाची हलकी बिअर ठिबकेल. मग उरला कमोड. पिंपाचं तोंड अरुंद, आत प्लास्टिकचा मग जात नाही. नळी होती. नळीने उपसायचं तर आधी तोंडाने ओढायला लागतं. मी ओढलं.

अशा रीतीने मी आयुष्यातली पहिली बिअर प्यायले, बाथरूमच्या फरशीवर उकिडवी बसून. आंबट, पाणचट, मागे धन्याचा आणि संत्र्याच्या सालीचा वास. वाईट नव्हती. मला याचाच सगळ्यात जास्त राग आला.

नळी बारीक होती, कमोड हळूहळू भरत होता. फ्लश केलं की टाकी पुन्हा भरेपर्यंत थांबायचं. बाहेरून हारिसचा आवाज आला, "मदाम, वाहिद साआ!" एक तास, म्हणजे त्याला तसं वाटत होतं.

"बाल धो रही है," आई म्हणाली. "लंबे बाल हैं. बैठो, शरबत पियो."

माझे केस खांद्यापर्यंतही नाहीत.

निम्मं गेल्यावर पिंप उचलण्याइतकं हलकं झालं, उरलेलं मी कमोडमध्ये ओतलं. तळाशी पांढरा गाळ उरला, त्यावर मी शाम्पू ओतून फेस केला. लेबल मात्र निघेना. बाबांनी ते कारखान्यातल्यासारखं चिकटवलं होतं, उन्हात, तेलात, आगीत टिकेल असं. नखाने, वस्तऱ्याने, गरम पाण्याने, कशानेही नाही. शेवटी लेबल भिंतीकडे फिरवलं आणि पिंपावर माझे आतले कपडे वाळत घातले. सगळे. आजवर मी ते टॉवेलखाली झाकून वाळवत आले आहे. मग फिनेल टाकलं, केस ओले केले आणि खाली मान घालून बाहेर आले.

प्लंबर आत गेला आणि लगेच भिंतीकडे तोंड करून बसला. त्याने मोरीच्या तोंडाशी सिमेंट भरलं आणि मागे एकदाही वळून पाहिलं नाही. हारिस मात्र दारातच नाक वर करून उभा. फिनेलच्या आडून तो आंबूस वास येतच होता. "एह दा?" त्याने विचारलं. हे काय?

आई स्वयंपाकघरात गेली आणि पातेलं घेऊन आली. कुरडयांसाठी तिने गहू भिजत घातला होता, तिसरा दिवस. तिने झाकण काढून पातेलं त्याच्या नाकाखाली धरलं. "पापड. इंडियन पापड. खाओगे? बनेगा तो भेजूँगी."

हारिस दोन पावलं मागे सरला आणि त्याने अल्लाचं नाव घेतलं.

दुपारी बाबा कंपनीच्या बसने आले. बूट न काढता आधी माझ्या बाथरूममध्ये गेले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्याच्या घरी दुखवट्याला जातात तसा झाला होता.

"दोनच दिवस राहिले होते," ते म्हणाले.

मी मनात वाक्य तयार करत होते, पण ते तयार होण्याआधीच बाहेर पडलं. "बाबा, माझा इकामा तुमच्या नावावर आहे."

"आहे ना. पण प्रोबॅबिलिटी बघ. गळती मोरीची, त्याचा पिंपाशी काय..."

"तुमचं नाव होतं त्यावर! नंबर होता! ते वाचून तुम्हालाच फोन केला असता त्यांनी, की साहेब, या घ्यायला!"

मी मराठीत भांडत होते. बाबा पहिल्यांदा "गुड पॉइंट" म्हणाले नाहीत. ते बूट काढायला बसले. नाडी सोडवता सोडवता म्हणाले, "चव घेतलीस का?"

आईने हातातलं उलथणं ओट्यावर आपटलं.

त्यानंतर बैठका थांबल्या. म्हणजे काका येत राहिले, पण बोलणं पगाराचं आणि क्रिकेटचं. रमजानातल्या दुपारसारखी ती शांतता होती. मी वाट पाहत राहिले, आणि एका सकाळी फोनवर स्टेटस बदललं. माझा इकामा माझा झाला. आईने पेढे केले. बाबांनी माझं नवं कार्ड उलटसुलट करून पाहिलं, नावाचं स्पेलिंग तपासलं आणि म्हणाले, "सुटलीस तू. आता माझं काही झालं तरी तुझा संबंध नाही."

ते आनंदाने म्हणाले होते. मीही हसले. रात्री अंथरुणावर ते वाक्य पुन्हा आठवलं आणि मला इतका संताप आला की उठून बसले. इतके दिवस मला भीती होती ती माझ्या जाण्याची. आता त्यांना पाठवलं तर मी जाणार नव्हते. मी इथेच राहणार होते, नोकरी करणार होते, आणि विमानतळावर काचेच्या अलीकडून आई-बाबांना हात करणार होते. आणि बाबा याला सुटका म्हणत होते.

पुढच्या शुक्रवारी काका आले तेव्हा टेबलावर नवा तक्ता होता. या वेळी तांदूळ वर होता.

"लाइट, क्लीन आणि पटकन होणारी," बाबा म्हणत होते. "मागच्या वेळी गव्हामुळे वास आला. तांदळाला तो येत नाही."

"मी तेव्हाच म्हटलं होतं," लातूरचे काका म्हणाले. त्यांनी ज्वारी म्हटलं होतं.

मी ट्रेमधले चहाचे कप टेबलावर ठेवले. एरवी मी कप ठेवते आणि आत जाते. त्या दिवशी उभी राहिले.

"काका," मी पुण्याच्या काकांना म्हणाले, "बाबांना इथून पाठवून दिलं तर मी मंगफला एकटी राहणार. भाडं मला झेपायचं नाही. तुमच्याकडे राहायला येऊ का?"

"अगं, येच की! हे काय विचारणं झालं, घर तुझंच..." एवढं बोलल्यावर त्यांना कळलं आपण कशाला हो म्हणतोय. त्यांनी कप उचलला आणि बशीत परत ठेवला.

"किंवा तुमच्याकडे," मी लातूरच्या काकांना म्हणाले. "तिघांनी मिळूनच ठरवलंय ना हे सगळं."

माझे कान तापले होते. हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं, म्हणून मी रिकामा ट्रे छातीशी धरून उभी होते. बाबा तक्त्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते.

लातूरचे काका हळूच म्हणाले, "आल्याचं करू या का? लिंबू, आलं, साखर, वरून सोडा. यीस्टची भानगड नको."

"मग ती बिअर नव्हे," पुण्याचे काका म्हणाले.

"बिअर म्हणू. आपल्याच घरात आपल्याला कोण अडवतंय?"

"म्हणून काही होत नसतं हो. त्यात स्टाइलच नाही."

"पुन्हा स्टाइल!"

ते सुरू झाले. खिडक्या उघड्या होत्या. मी लावायला वळले, मग लक्षात आलं की आता लावायची गरज नाही, आणि तशीच उभी राहिले. बाबांनी तक्ता उलटा केला. कोऱ्या बाजूवर रेघ मारली. माझ्याकडे न बघता, कामावरच्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आलं कोवळं घ्यायचं की जुनं?"

"कोवळं," मी म्हणाले.

"का?"

मला माहीत नव्हतं. "हलकं लागेल," मी म्हणाले, आणि ते त्यांनी लिहून घेतलं.